विश्वास वाढतो म्हणजे नेमके काय होते?

ऐरोलीकर (ऐरोली, नवी मुंबई)

सर्वांना सलाम. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात लिहिला तर त्याचा अर्थच बदलेल, म्हणून सविस्तर लिहितो.

ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात मी अकरा वर्षे सांडपाणी शुद्धीकरण विभागात होतो. कारखान्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. आमच्या विभागात एक नोंदवही असते आणि तिच्यात प्रत्येक पाळीला पाण्याचा पीएच (आम्लता) आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीचे प्रमाण दाखवणारा आकडा) हे आकडे भरायचे असतात. त्यांतली सीओडीची तपासणी वेळखाऊ आहे. रसायन घातलेला नमुना दीडशे अंशांवर दोन तास तापवावा लागतो, मग निववून मोजावा लागतो. ते दोन तास कोणालाच नको असतात, म्हणून कालचा आकडा थोडा वर-खाली करून आजच्या रकान्यात लिहिण्याची पद्धत पडलेली होती. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी वरिष्ठांना सांगितले की यापुढे मोजल्याशिवाय आकडा लिहिणार नाही आणि दुसऱ्याने लिहिलेल्यावर सहीही करणार नाही. त्यावर कोणी आरडाओरडा केला नाही. आधी माझी कायमची रात्रपाळी झाली, मग मला गोदामात बसवले, आणि दिवाळीनंतर कंत्राटाचे नूतनीकरण होणार नाही असे पत्र हातात आले.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेबांनी (धर्मगुरूंनी) लागोपाठ तीन रविवार एकाच विषयावर उपदेश केला होता, की विश्वास भरवशातून रुजतो, पारखीतून पक्का होतो आणि आज्ञापालनातून वाढतो. ते ऐकूनच मला नकार देण्याचे बळ आले, हे मी नाकारत नाही. भरवसा ठेवला, आज्ञा पाळली, पारख तर अजून चालूच आहे. पण विश्वास मात्र वाढलेला नाही, उलट आटला आहे. सकाळी प्रार्थनेला बसतो तेव्हा ओठ हलतात, एवढेच. पत्नी परवा म्हणाली, "तुमच्या तत्त्वाचा हप्ता बँक घेत नाही." तिचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही, कारण घराचा हप्ता गेले चार महिने तिच्या पगारातून जातो आहे.

माझे विचारणे दोन गोष्टींविषयी आहे. मी जे केले ते आज्ञापालन होते की नुसता हट्ट, हे कसे ओळखावे? आणि पारखीने विश्वास वाढत असेल, तर माझ्या बाबतीत उलटे का झाले?

निवृत्त शिक्षक (चरई, ठाणे)

ऐरोलीकर भाऊ, सलाम. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच सापडण्याचा संभव आहे.

"आमचा विश्वास वाढवा" ही मागणी शुभवर्तमानात प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, स्वतः केलेली आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायाची पाचवी ओवी काढून पाहा. या मागणीवर प्रभूने "बरे, वाढवतो" असे म्हटले नाही. आधी मोहरीच्या दाण्याचा दाखला दिला, म्हणजे आकाराचा प्रश्नच बाजूला सारला. आणि लगेच पुढच्या ओवीत विषय बदलल्यासारखा वाटावा असा दुसरा दाखला सांगितला, शेतात नांगर धरून किंवा मेंढरे राखून दमून घरी आलेल्या दासाचा. त्या दासाला कोणी "ये, आधी जेवून घे" असे म्हणत नाही. तो कंबर बांधून धन्याला वाढतो आणि मग आपण जेवतो. अनेक वर्षे मला वाटत असे की या दोन दाखल्यांचा एकमेकांशी संबंध नाही, लूकाने ते सोयीसाठी शेजारी ठेवले असावेत. आता मला वाटते की दुसरा दाखला हेच त्या मागणीचे उत्तर आहे. तुमच्याजवळ विश्वास किती आहे हे मोजत बसू नका. नांगर सोडून आलात, आता ताट वाढा. दमणूक खरी आहे आणि दाखल्यात ती नाकारलेली नाही.

आपण म्हणता त्या तीन पायऱ्यांविषयीही थोडे लिहितो. पाळकसाहेबांचा उपदेश मी ऐकलेला नाही, पण भरवसा, पारख आणि आज्ञापालन यांना जिन्याच्या पायऱ्या मानले की माणूस वर पोहोचल्याची वाट पाहू लागतो. अब्राहामाचे वय लक्षात घ्या. हारान सोडले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा शंभराचा. मधल्या पंचवीस वर्षांत काय काय झाले? दुष्काळ पडताच तो मिसर देशात गेला आणि जिवाच्या भीतीने पत्नीला बहीण म्हणवून मोकळा झाला. पुढे वाट पाहून थकल्यावर दासी हागारेपासून मूल मिळवण्याचा मार्ग काढला. आणि करार झाल्यानंतर, म्हणजे आपल्या हिशेबाने विश्वास पुरेसा वाढल्यानंतर, गरार येथे तीच बहिणीची थाप त्याने पुन्हा मारली. उत्पत्ती या पुस्तकाच्या लेखकाने यातले काहीही झाकलेले नाही. इसहाकाचे अर्पण करायला मोरियाच्या डोंगराकडे निघालेला अब्राहाम हा या सगळ्यातून आलेला अब्राहाम आहे. त्याचा विश्वास आलेखाच्या रेषेसारखा चढत गेला असता तर गरारचा अध्याय लिहावाच लागला नसता.

नव्या करारात याकोब आपल्या पत्रात म्हणतो की अब्राहामाच्या कृतींनी त्याचा विश्वास पूर्ण झाला. पौल रोमकरांस लिहिताना त्याच अब्राहामाचा दाखला देऊन म्हणतो की त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तेच त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणण्यात आले. यावर वर्गात मुले नेहमी विचारीत की दोघांपैकी खरे कोण. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातल्या रात्रीविषयी बोलतो आहे, ताऱ्यांएवढ्या संततीचा शब्द मिळाला त्या तारे मोजण्याच्या. याकोब बाविसाव्या अध्यायातल्या सकाळविषयी, अर्पणासाठी लाकडे फोडण्याच्या. मधे कित्येक वर्षे आहेत. ताऱ्यांच्या रात्री मिळालेला शब्द लाकडे फोडण्याच्या सकाळी खरा धरावा लागतो, आणि तो खरा धरताना मनाला काय वाटत होते याबद्दल त्या अध्यायात एक अक्षर नाही. "अब्राहामाचे मन शांत होते" असे तिथे कोठेही लिहिलेले नाही. आपले ओठ हलतात एवढेच आपण म्हणता, हलू द्यावेत.

कळवेकर (कळवा)

मला गुरुजींइतके लिहिता येत नाही, पण साक्ष देतो. माझी नोकरी गेली होती तेव्हा मी दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवाला द्यायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत दुसरी नोकरी लागली. देव आज्ञा पाळणाऱ्याला सोडत नाही. ऐरोलीकर बंधूंनी स्वतःला तपासून पाहावे. कोठेतरी आज्ञापालनात उणीव राहिली असेल, म्हणून दार उघडत नसेल.

निवृत्त शिक्षक (चरई, ठाणे)

कळवेकर, आपली साक्ष आपल्यापुरती खरी आहे आणि तिच्याबद्दल मी देवाचे आभारच मानीन. पण आपले दार आठ दिवसांत उघडले, म्हणून ज्याचे आठ महिन्यांत उघडले नाही त्याच्यात उणीव असली पाहिजे, हा तर्क ईयोबाच्या तिघा मित्रांचा आहे; दुःखात पडलेल्या ईयोबाला ते तुझेच पाप असणार असे सांगत होते. ग्रंथाच्या शेवटी देवाने त्या मित्रांना काय ऐकवले तेही वाचावे.

नेरूळची परिचारिका

मी एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात काम करते आणि या विषयावर वाद घालण्याचा माझा स्वभाव नाही, पण वरचे वाचून एक गोष्ट लिहिणे भाग आहे. आज्ञापालन हा शब्द आपल्या लोकांत फार लवकर दुसऱ्याच्या हातात जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मावशी आल्या होत्या. त्यांना कोणा प्रार्थनासभेत सांगितले गेले होते की इन्सुलिन बंद करणे हीच त्यांच्या विश्वासाची परीक्षा आहे. त्यांनी ते बंद केले. त्या आमच्याकडे पोहोचल्या तेव्हा शुद्धीवर नव्हत्या. वाचल्या, पण डायलिसिस मागे लागले.

मला एवढेच सांगायचे आहे की देव माणसाची पारख करतो, असे शास्त्र म्हणते; माणसाने देवाची पारख करू नये, असेही शास्त्रच म्हणते. मस्सा या ठिकाणी पाणी नव्हते तेव्हा इस्राएल लोकांनी "परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही" असा प्रश्न केला, आणि त्या जागेचे नावच परीक्षा असे पडले. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा प्रभूने मस्साचीच आठवण देणारे वचन उत्तरादाखल उद्धृत केले. इन्सुलिन बंद करून देव वाचवतो का पाहणे ही शिखरावरून मारलेली उडी आहे.

ऐरोलीकर दादा, तुम्ही हट्टाबद्दल विचारले आहे. माझ्या मते फरक ओळखायचा तो इथे: तुम्ही नकार दिला तेव्हा देवाने अमुक करून दाखवावे अशी अट घातली होती का? तुम्ही लिहिले आहे त्यावरून तर नुसते मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही एवढेच ठरवले होते. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा लहान मुलालाही पाठ असते. तिच्यासाठी कोणाला दर्शन व्हावे लागत नाही. आज्ञा कोणी गुपचूप कानात सांगितलेली असेल, ती पाळल्याने सांगणाऱ्याचाच फायदा होणार असेल आणि शंका विचारली की अविश्वास ठरत असेल, तर मी सावध होते. तुमच्या बाबतीत तसे काहीच दिसत नाही. आणि वहिनी रागावल्या आहेत तर त्यांना उपदेश ऐकवू नका. हप्ता त्या भरत आहेत. तेही आज्ञापालनच आहे, फक्त त्याला तसे नाव कोणी दिलेले नाही.

मूसवाला (जांभळी नाका, ठाणे)

आमच्या घराण्यात तीन पिढ्या सोनारकाम आहे आणि आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावरही शेगडी विझली नाही, म्हणून या विषयात मला बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजून लिहितो.

उपदेशात लोक कसोटी आणि अग्निपरीक्षा हे दोन शब्द एकच असल्यासारखे वापरतात. पेढीवर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कसोटी म्हणजे काळा, गुळगुळीत दगड. दागिना त्यावर घासला की सोनेरी रेघ उमटते, तिला आम्ही कस म्हणतो. शेजारी ज्याचा कस माहीत आहे अशा सोन्याची रेघ ओढायची, दोन्हींवर तेजाबाचा थेंब फिरवायचा आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. हलके सोने असेल तर रेघ डोळ्यांदेखत फिकी होते. या सगळ्यात दागिन्याचे सोने गुंजभरही सुधारत नाही. उलट घासल्याने कणभर कमीच होते. कसोटी फक्त सांगते. शुद्ध करण्याचे काम मुशीत, म्हणजे सोने वितळवण्याच्या भांड्यात, होते. तिथे दागिना दागिना राहत नाही, त्याचा आकार जातो, नक्षी जाते, टाकणखार टाकला की मळ वर येतो आणि तो काढावा लागतो.

ऐरोलीकर, आपण विचारता की पारखीने विश्वास वाढतो तर माझा कमी का झाला. माझा अंदाज असा की नोंदवहीवर सही नाकारली तो दिवस कसोटीचा होता. त्या दिवशी रेघ टिकली. त्यानंतर जे चालले आहे ते मुशीतले आहे, आणि मुशीत असताना सोन्याला आपण वाढतो आहोत असे वाटण्याचे काहीच कारण नाही. तिथे वजन घटतेच. जे घटले ते सोने होते की मळ, हे ओतल्यावर समजते. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासाची तुलना अग्नीने पारखलेल्या सोन्याशी केली आहे ती याच अर्थाने, असे मला वाटते. नीतिसूत्रांतही रुप्यासाठी मूस, सोन्यासाठी भट्टी आणि अंतःकरणासाठी परमेश्वर अशी जोडी लावलेली आहे. तिथे दगडाचा उल्लेख नाही, भट्टीचा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. मुशीजवळ सोनार उठून जात नाही. आमचे वडील ओतकामाच्या वेळी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाकडेसुद्धा पाहत नसत.

तलावपाळी (ठाणे)

मी कॅथलिक आहे, त्यामुळे वरील काही शब्द माझ्या सवयीचे नाहीत, पण आपल्याच गावातली एक गोष्ट या चर्चेत यायला हवी होती म्हणून लिहितो.

१३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ठार मारण्यात आले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांचा सोबती, तिफ्लिसचा देमेत्रियस. खरे तर त्यांना ठाण्याला यायचेच नव्हते. ते केरळाकडे, कोल्लमला निघाले होते आणि समुद्राने त्यांना इकडे आणून टाकले. येथे काही नेस्तोरियन (पूर्वेकडच्या एका पंथाची) ख्रिस्ती कुटुंबे राहत होती, त्यांच्याकडे ते उतरले. यजमान घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणाची फिर्याद काझीपर्यंत गेली, हे पाहुणे साक्षीला बोलावले गेले, तिथे धर्माविषयी प्रश्नोत्तरे झाली आणि शेवट मृत्युदंडात झाला. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपुढून मी रोज जातो. या चौघांचे नाव घेतले की विश्वासाची परीक्षा म्हणजे असेच काहीतरी भव्य असावे असे वाटते, आणि मग आपली स्वतःची परीक्षा क्षुल्लक वाटू लागते.

पण त्यांच्याबरोबर आलेला पाचवा माणूस होता, सेवेराकचा जॉर्डानस, डॉमिनिकन पंथाचा. चौघे मारले गेले तेव्हा तो ठाण्यात नव्हता, पुढे गुजरातच्या वाटेला लागला होता. बातमी कळताच तो परत फिरला, मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि मग या किनाऱ्यावर एकटाच राहिला. त्याची पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत आजारपण, दारिद्र्य, उपासमार, चाच्यांनी पकडणे, तुरुंगात पडणे हे सगळे आहे, आणि सोबत्यांबरोबर आपणही का मेलो नाही असा सूरही आहे. ती पत्रे विजयाची नाहीत. "कोणीतरी सोबतीला पाठवा" अशी विनवणी त्यांत आहे. आणि तरीही तो येथेच काम करीत राहिला, आणि पुढे १३२९ मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमण्यात आले.

ऐरोलीकर, मला तुमची स्थिती त्या चौघांपेक्षा या पाचव्याच्या जवळची वाटते. नकाराचा दिवस एकदाच येतो. त्यानंतरचे मंगळवार-बुधवार फार असतात.

निवृत्त शिक्षक (चरई, ठाणे)

तलावपाळीकरांनी मंगळवार-बुधवार म्हटले त्यावरून मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाने दिलेले अन्न, आठवला आणि राहवले नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात देव स्पष्टच सांगतो की रोजचा वाटा रोज गोळा करायला लावून मी या लोकांची परीक्षा पाहणार आहे. माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेले माप. उद्यासाठी ठेवला तर किडे पडत. म्हणजे भरवसा, परीक्षा आणि आज्ञा या तिन्ही गोष्टी त्या एका टोपलीत होत्या, आणि कालच्या विश्वासावर आजचे जेवण होत नव्हते. हे चाळीस वर्षे चालले. ऐरोलीकर, कालचा आकडा आजच्या रकान्यात लिहिता येत नाही हे आपल्याला मी काय सांगावे. त्याचसाठी आपण नोकरी गमावली आहे.

परिचारिकाताईंनी वहिनींविषयी लिहिले तेही फार योग्य आहे. आमच्या अहमदनगरकडे (आताच्या अहिल्यानगरकडे) ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे नाव घरोघरी घेतले जाते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे दोघांनी कशी काढली हे सर्वश्रुत आहे. एकाच घरातली दोन माणसे एकाच दिवशी एकाच ठिकाणी पोहोचत नाहीत.

ऐरोलीकर (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांचे लिहिणे मी पुन्हा पुन्हा वाचले. पत्नीलाही वाचून दाखवले. नेरूळच्या ताईंचा शेवटचा परिच्छेद तिने मला दुसऱ्यांदा वाचायला लावला.

एक गोष्ट मी प्रश्नात लिहिली नव्हती आणि मूसवाल्यांचे कसोटीबद्दलचे वाचल्यापासून ती मला बोचते आहे. मी नकार दिला तो अकराव्या वर्षी. त्याआधीची किमान सहा वर्षे ते आकडे माझ्याच हस्ताक्षरात आहेत. मी ती पद्धत "पडलेली होती" असे लिहिले, जणू ती आपोआप पडली. नव्या मुलांना कालचा आकडा किती फिरवावा म्हणजे संशय येत नाही, हे मीच शिकवलेले आहे. गुरुजींनी गरारविषयी लिहिले ते वाचताना मी पान बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. विश्वास आटला असे मी म्हणत होतो, त्यातला काही भाग बहुधा मी स्वतःविषयी करून घेतलेले चित्र होते आणि ते आटले हे बरेच झाले. सगळाच भाग तसा आहे असे मात्र म्हणवत नाही. प्रार्थना अजूनही कोरडीच आहे.

कळवेकर बंधूंनाही सांगतो, राग नाही. उणीव होती, तुम्ही समजत होता ती नव्हती, एवढेच.

मागच्या सोमवारपासून रबाळ्याला पाणी तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत लागलो आहे. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे, त्यामुळे हप्त्याचा प्रश्न सुटलेला नाही. पत्नीने बँकेत मुदत वाढवण्याचा अर्ज स्वतःच भरून आणला आणि माझ्यापुढे सहीला ठेवला. काम तेच आहे, नमुने आणायचे आणि मोजायचे. आज सकाळी आलेले चार नमुने सीओडीसाठी तापवायला ठेवले आहेत. ते निघायला दोन तास असतात, म्हणून एवढे लिहून झाले.